कासवाची टीप

ताईंच्या पोटात दुखायला लागलं की ऑफिसातला कूलर कोमट पाणी द्यायचा. हे कूलर दुरुस्त करणाऱ्यानं स्वतः सांगितलेलं आहे. तो तीनदा येऊन गेला, यंत्रात दोष नव्हता. तिसऱ्या वेळी त्यानं नुसतं ताईंच्या टेबलाकडे बघितलं आणि पाने-पक्कड पिशवीत भरली.

दुखणं होतं भावजयीचं, आणि ते ताईंनीच हाताला धरून ऑफिसात आणलेलं.

ऑफिस होतं जपानी व्हिडिओ गेम इंग्रजीत आणायचं. ताई बारा वर्षं तिथे भाषांतर करत होत्या. त्यांच्याशिवाय जपानीचं एक अक्षर तिथे कुणाला येत नव्हतं. संगणकावर चाळीस हजार ओळींची एक शीट असे. पहिल्या रकान्यात जपानी वाक्य, दुसऱ्यात ताईंचं साधंसुधं इंग्रजी, तिसऱ्यात तेच वाक्य घासूनपुसून त्या त्या पात्राच्या तोंडी शोभेल असं केलेलं. चौथ्यात ताईंची टीप : बोलतोय कोण, वय काय, रागात आहे की झोपेत. शीटमध्ये चित्रं नसतात. टीप नसेल तर राजा बोलतोय की राजाचा घोडा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

तिसऱ्या रकान्याचा माणूस नोकरी सोडून गेला, तेव्हा ताईच घरी धाकट्या भावाच्या बायकोला म्हणाल्या, "अगं, इंग्रजी इतकं छान तुझं, घरात बसून काय करतेस? चल माझ्याबरोबर." ती आली आणि तीन महिन्यांत सगळ्या ऑफिसची वहिनी झाली. ताईंना बारा वर्षांत कुणी आपणहून चहा आणून दिला नव्हता. वहिनीच्या टेबलावर दुपारचे तीन-तीन कप निवत पडलेले असत.

खरं बिनसलं ते पुलावरून. गेममध्ये एक पूल राखणारा म्हातारा होता. ताईंनी त्याचं वाक्य लिहिलं होतं : "माझा पूल तुटला, म्हणून मी दुःखी आहे." वहिनीनं तिसऱ्या रकान्यात लिहिलं : "पूल गेला. आता दोन्ही काठ माझ्याकडे बघत बसतात." साहेबांनी ते भर मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"पूल तुटल्याचं तिला सांगितलं कुणी?" ताई घरी आईला म्हणाल्या. "मी! नाहीतर बसली असती काठ मोजत."

"मग छान झालं की," आई म्हणाली. "घरच्या घरातच राहिलं."

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यातच साहेबांनी बातमी आणली. गेमचा दुसरा भाग येणार होता. त्याच्या इंग्रजीचं काम एकाच्या हाती द्यायचं, आणि कुणाच्या ते गेमचे म्हातारे जपानी लेखक पहिल्या भागाचं इंग्रजी बघून ठरवणार. शिवाय गेम संपल्यावर जी नावं वर सरकत जातात, त्यांत त्या माणसाचं नाव अख्ख्या पडद्यावर एकटं येणार.

ताईंचं नाव आजवर अकरा गेममध्ये आलं होतं, चाळीस जणांच्या गर्दीत, मुंगीनं चष्मा लावला तर वाचता येईल एवढं. एकदा आई ते बघायला पाऊण तास टीव्हीसमोर बसली. नेमकं नाव आलं आणि तिला शिंक आली. "असू दे," ती म्हणाली होती, "पुढच्या वेळी मोठं येईल." तेव्हापासून अख्ख्या पडद्यावर आपलं एकटीचं नाव, मागे काळोख, आणि आई न शिंकता बघते आहे, एवढंच ताईंना हवं होतं. मिळणार मात्र ते तिसऱ्या रकान्याला, हे स्वच्छ दिसत होतं.

म्हणून एका मंगळवारी चहाच्या सुट्टीत ताईंनी एक टीप पुसली.

टीप अशी होती : "कासव. कोरड्या विहिरीच्या तळाशी असतं. वय तीनशे. मऊ, मायाळू, आजोबांसारखं." त्याखाली कासवाची तीनशे वाक्यं : ऊठ बाळा. पाय उचल. चालत राहा. मी मागे आहे.

वहिनी विचारायला आली. "ताई, हे कोण बोलतंय हो? टीप नाहीये."

"कळेल की तुला. सगळे म्हणतात ना, तुला फार कळतं म्हणून."

वहिनी परत गेली आणि कामाला लागली. वाक्यं वाचून तिला वाटलं, हा सेनापती असणार. तिनं तसाच लिहिला. "ऊठ, शिपाया! पाय उचल! मागे वळलास तर गाठ माझ्याशी आहे!"

ताईंनी हे वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी कूलरमधून गार पाणी आलं.

तपासणीच्या दुपारी सगळे पडद्यासमोर जमले. खेळायला बसला होता धडक्या. गेममधल्या एकूणएक भिंतीवर नायकाला आपटून कुठे चूक निघते का बघणं ही त्याची नोकरी, म्हणून ते नाव. नायक विहिरीत उतरला. तळाशी कासव होतं. ताईंनी चेहऱ्यावर आधीच हळहळ आणून ठेवली.

आता जपानी मंडळींनी कासव म्हणून त्याची अक्षरंही कासवाच्या चालीनं ठेवली होती. पडद्यावर उमटलं, "ऊ". मग बराच वेळ काही नाही. मग "ठ". मग "शि". धडक्या पाणी पिऊन आला तेव्हा "पा" झालं होतं. कासवानं पापणीचा अर्धा केस हलवला आणि सावकाश, एकेक अक्षर मोजून, शत्रूवर तुटून पडायचा हुकूम दिला. हुकूम पुरा व्हायला सव्वा मिनिट लागलं.

ताईंनी हळहळ आणखी थोडी वाढवली.

आणि धडक्या खुर्चीवरून पडला. पडला तो हसतच राहिला. "पुन्हा लाव, पुन्हा लाव!" असं साहेब ओरडले, आणि साहेबांना हसताना त्या इमारतीत लिफ्टवाल्यानंही पाहिलं नव्हतं. खालच्या मजल्यावरून माणसं विचारायला आली. त्यांनाही कासव दाखवावं लागलं. दर वेळी सव्वा मिनिट, असं करता करता संध्याकाळ झाली.

आठवड्यानं जपानहून लेखकांचं पत्र आलं. हातानं लिहिलेलं, जपानीत. वाचणार कोण? ताईच. सगळे टेबलाभोवती उभे, आणि ताई एकेक ओळ सांगताहेत :

"आठ वर्षं मी हे कासव लिहीत होतो. त्याला सेनापती व्हायचं होतं हे मला कधी कळलं नाही. हे ज्यानं ओळखलं..."

इथे ताई थांबल्या. पुढचं वाक्य फक्त त्यांना दिसत होतं. तिथे काहीही सांगितलं असतं, हवापाण्याचं सांगितलं असतं, तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण बारा वर्षांत ताईंनी एक वाक्य खोटं केलं नव्हतं, आणि जीभ तिथे अडली.

"...त्याच्याच हाती दुसरा भाग द्यावा, आणि ते नाव पडद्यावर एकटं यावं."

सगळे वहिनीकडे वळले. तिच्यासाठी टाळ्या सुरू झाल्या आणि ताईंचा बांध फुटला.

"तिनं नाही, मी केलं!" त्या ओरडल्या. "कासव आहे अशी टीप होती! मी मुद्दाम पुसली! मी पुसली नसती तर कुठला सेनापती? हे सगळं माझं आहे!"

टाळ्या मधेच थांबल्या. आपण काय कबूल केलं, हे ताईंना सगळ्यांच्या चेहऱ्यांवर वाचायला मिळालं.

"माहीत आहे मला," वहिनी हळूच म्हणाली. "कुणी काय पुसलं ते शीट लक्षात ठेवते, ताई. चाळीस ओळी झाल्यावर बघितलं मी."

"मग बदललं का नाहीस?"

"आधी रडले. मग पुन्हा वाचलं. सेनापतीच जास्त आवडला."

म्हणजे हेही तिचंच! केलेलं पापसुद्धा धड आपल्या नावावर राहू नये? ताईंना जमिनीत शिरावंसं वाटलं, पण खालच्या मजल्यावरचे लोक आधीच वर आलेले होते.

साहेबांनी पत्राची घडी करून ते ताईंसमोर ठेवलं. "उत्तर तुम्हीच लिहायचंय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला येत नाही."

ताईंनी लिहिलं. वहिनीचं नाव लिहिलं. मग पेन हातातच होता म्हणून टीप पुसल्याचंही लिहिलं, आणि का पुसली तेही लिहिलं.

दीड वर्षानं दुसरा भाग आला. घरी टीव्हीसमोर आई आणि भाऊ, मागे ताई, त्यांच्या शेजारी वहिनी. विहिरीत आता एक नवं पात्र होतं : कासवाची थोरली बहीण. ती सेनापतीचे हुकूम चोरून आपल्या पाठीखाली दडवायची, आणि तिनं दडवले की लढाई भलत्या वाटेनं जाऊन तो हटकून जिंकायचा. ताईंचं उत्तर वाचून लेखकांनी ती खास लिहून धाडली होती. तिची टीप ताईंनीच लिहिली होती : "वय तीनशे बेचाळीस. पोटात कायम दुखतं. स्वभावानं वाईट नाही."

शेवटी पडदा काळा झाला आणि वहिनीचं नाव आलं, मोठं, एकटं. आईला शिंक आली नाही.

"छान," आई म्हणाली. मग मागे वळून म्हणाली, "पण ती थोरली गं... तुझंच बोलणं ऐकल्यासारखं वाटलं मला."

"चाळीसच वाक्यं दिलीत तिला," ताई म्हणाल्या. "कासवाला तीनशे. मी मोजलीत."