निळी शाल

कुत्रं निवडण्यावरून घरात एवढं भांडण होईल, असं कुणाला वाटलं नव्हतं. पण थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ एका ठिकाणी उभ्या राहिल्या की दगडसुद्धा वाटून घ्यावा लागायचा.

दोघा भावांची घरं गावाबाहेर शेतात, मध्ये फक्त काटेरी कुंपण. त्या महिन्यात वरच्या वस्तीवरून चोरांनी दोन शेळ्या नेल्या आणि आडव्या आलेल्या म्हाताऱ्याला ढकलून त्याचा खुबा मोडला. तेव्हा सासूनं फर्मान काढलं, "दोन्ही घरांना एकेक चांगलं कुत्रं पाहिजे. भुंकणारी गावात पुष्कळ आहेत. राखणारं पाहिजे."

म्हणून सगळी वरात माळावरच्या म्हाताऱ्या मेंढपाळाकडे गेली. त्याच्या कुत्रीला तीन पिल्लं होती. म्हाताऱ्यानं एक रिकामा डबा उचलला आणि दगडावर दाणकन आपटला. तांबडं पिल्लू डब्यावर धावून गेलं आणि घसा फुटेस्तोवर भुंकत राहिलं. भुरं पिल्लू गाडीखाली जाऊन दडलं. काळं दचकून चार पावलं मागं सरलं, थांबलं, मग हळूच पुढं येऊन त्यानं डबा हुंगला.

"तांबडं घेऊ," थोरला म्हणाला. "काय आवाज आहे!"

थोरलीचं लक्ष पिल्लांकडे नव्हतंच. ती धाकटीच्या डोळ्यांकडे बघत होती. ते डोळे काळ्यावर थांबले, धाकटी वाकली, हात पुढं झाला, तोच थोरलीनं काळं पिल्लू उचलून छातीशी धरलं.

"पहिला मान थोरल्या घराचा," ती म्हणाली.

धाकटीनं गुडघ्यावर बसून गाडीखालचं भुरं बाहेर काढलं.

"बाई, निवड चोख झाली," मेंढपाळ थोरलीला म्हणाला. "डोळा कुणाचा होता, ते राहू दे."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण पिल्लू तिच्या हातात होतं, त्यामुळे तिनं ते गिळलं.

निघताना म्हाताऱ्यानं दोघींना बजावलं, "नीट ऐका. घरातल्या प्रत्येकाचा अंगावरचा एकेक कपडा याच्या अंथरुणात घाला. ज्याचा वास त्याच्या झोपेत गेला, त्याला तो आपलं मानणार. सगळ्यांच्या हातून खायला घाला. आणि गुरगुरायला शिकवायच्या आधी 'पुरे' शिकवा. 'पुरे' म्हटलं की मागं सरलं पाहिजे. आधी लगाम, मग घोडा."

थोरलीनं ऐकलं आणि घरी येऊन बरोबर उलटं केलं.

तिला मूर्ख म्हणू नका. तिचं दुखणं वेगळं होतं. धाकटी या घरात आली त्याला सात वर्षं झाली होती, आणि सात वर्षांत थोरलीचं एकेक माणूस कुंपणापलीकडे गेलं होतं. वाटणी झाली तेव्हा सासू म्हणाली, "मी धाकटीकडे राहते, तिचा हात हलका आहे." नवरा बैल आजारी पडला की आधी तिकडे सल्ला विचारायचा. पोटची मुलगी, दहा वर्षांची, वेणी घालायला काकूकडे पळायची. "काकू ओढत नाही," म्हणायची. थोरली धाकटीला पाण्यात पाहायची ती यासाठी. एक तरी जीव असा हवा होता, जो तिकडे ढुंकूनही बघणार नाही.

म्हणून काळ्याच्या झोपायच्या पेटीत कुणाचाच कपडा गेला नाही. त्याला खायला घालायचं थोरलीनंच. मुलगी तुकडा घेऊन आली तर ओरडायची, "लांब हो! दहा हात लागले की कुत्रं कुणाचंच राहत नाही." धाकटीला तर तिनं मागच्या अंगणात पाऊल टाकू दिलं नाही.

पण काळ्या रडायचा. उजाडेपर्यंत पेटीत कुंई कुंई करायचा, आणि कुंपणापलीकडे ते गाडीखालचं भेदरट भुरं गाढ झोपायचं. चौथ्या दिवशी थोरलीचं डोकं फिरलं. म्हाताऱ्यानं धाकटीला काहीतरी जास्तीचं सांगितलंय, यात तिला शंका उरली नाही. तिनं कुंपणातून पाहिलं. भुऱ्याच्या पेटीत सगळ्या घराच्या चिंध्या, आणि वर धाकटीची शाल, निळी, काठाला विरलेली. म्हणजे गुण त्या शालीत आहे!

दुपारी शाल धुऊन दोरीवर वाळत पडली, आणि संध्याकाळी दोरी रिकामी होती.

"ताई, माझी निळी शाल पाहिलीत का हो?" धाकटीनं कुंपणावरून विचारलं.

"मी काय तुझ्या दोरीची राखण करते? गेली असेल वाऱ्यानं."

त्या दिवशी पानसुद्धा हललं नव्हतं. धाकटीनं एकदा आभाळाकडे पाहिलं आणि ती आत गेली. काळ्या आणखी चार दिवस रडला आणि मग शांत झोपायला लागला. थोरलीनं शालीवर एक पोतं अंथरलं आणि ती गोष्ट विसरून गेली. चोरीचं विसरणं फार सोपं असतं.

वर्षभरात काळ्या वासराएवढा झाला. थोरली बोट दाखवेल तिकडे गुरगुरायचा. 'पुरे' त्याला कधी शिकवलंच नाही, कारण पुरे व्हावं असं तिला वाटलंच नव्हतं. नवरा आवाज चढवून बोलला की काळ्या दात दाखवायचा, आणि तिला आतून गुदगुल्या व्हायच्या.

"अगं, हा घर राखतोय की तुला राखतोय?" थोरला एकदा म्हणाला.

"मला राखणारं या घरात दुसरं आहे कोण?" ती म्हणाली.

मग तो दिवस आला. ऐन दुपारी थोरली गोठ्यातल्या शिडीवरून माळ्यावर चारा काढायला चढली. खाली काळ्या मोकळा होता. शिडीची कुजकी पायरी मोडली आणि बाई खालच्या फरशीवर आदळली. पाय गुडघ्याखाली वाकडा झाला, कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं.

आवाज ऐकून थोरला धावत आला. काळ्या तिच्या अंगावर चार पाय रोवून उभा होता. थोरल्यानं पाऊल टाकलं, तसा त्यानं झेप घेऊन बाही फाडली, दंडावर दात उमटले. मुलगी "आई!" म्हणून पुढं आली, तर तिच्यावरही तसाच गेला. बापानं तिला मागं ओढलं म्हणून वाचली.

"हाक मार ना त्याला! सांग ना काहीतरी!" थोरला ओरडत होता.

थोरलीला सगळं ऐकू येत होतं. पण सांगणार काय? बोट दाखवायचं तिनं शिकवलं होतं. बोट मागं घ्यायचं शिकवलं नव्हतं. तिनं "अरे, तो आपला..." एवढं म्हटलं, आणि तिचा कण्हता आवाज ऐकून काळ्या आणखीच चवताळला. कपाळातून रक्त वाहत होतं. तिला गार वाटायला लागलं.

सासू, धाकटा, सगळे गोळा झाले. "आता कुऱ्हाडीशिवाय इलाज नाही," धाकटा म्हणाला. थोरल्यानं भिंतीवरची कुऱ्हाड काढली. थोरलीनं डोळे मिटले. कुत्रं मरेल, नाहीतर आपण. दोन्हीचं पाप आपल्याच माथी.

"थांबा, दादा."

धाकटी होती. भाकड गाईचं दावं सोडावं इतक्या सहज ती आत आली. सासू किंचाळली, "अगं, फाडेल तुला!"

"बघू तरी," ती म्हणाली. हात खाली सोडून, तिरकी तिरकी, ती चालत गेली.

काळ्या गुरगुरला. मग त्याचं नाक हललं. त्यानं मान पुढं काढून तिचा हात हुंगला, परत हुंगला. गुरगुर घशातच विरली, शेपूट एकदा हललं, आणि तो वासराएवढा राक्षस धाकटीच्या पायाशी लोळण घेऊन पडला.

कुणाला काही कळेना. सासू म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते? हात हलका आहे तिचा!"

थोरलीला मात्र कळलं. पाय मोडल्याचं दुखत होतं, पण त्याहून हे जास्त दुखलं. सगळं गोत तिकडे गेलं म्हणून एक जीव आपल्यापुरता ठेवला, आणि त्याला वर्षभर आपल्याच हातानं धाकटीच्या कुशीत निजवलं. धाकटीनं पदर फाडून तिच्या कपाळाला बांधला, काळ्याच्या गळ्यातला पट्टा धरला आणि पुरुषांना म्हणाली, "आता उचला."

प्लास्टर घालून थोरली घरी आली. तिसऱ्या दिवशी अंगणात खाटेवर बसून तिनं घरच्यांना फर्मावलं, "सगळ्यांनी एकेक कपडा आणा. अंगावरचा, न धुतलेला." थोरल्यानं सदरा आणला, मुलीनं फ्रॉक. सासूनं कुंपणापलीकडून चोळी पाठवली. ती घेऊन धाकटीच आली, आणि पेटी रिकामी करायला वाकली.

पोत्याखालून निळी शाल निघाली.

धाकटीनं ती झटकली, काठ बोटांत धरून पाहिला. थोरली खाटेच्या दोरीकडे बघत राहिली. आता ही काय बोलणार, कुणाकुणाला सांगणार, सासू कशी हसणार, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"ताई, ही नेऊ का मी?" धाकटीनं विचारलं.

काळ्यानं शालीचं टोक तोंडात धरलं होतं आणि तो सोडत नव्हता. थोरलीनं कधी नव्हे ते धाकटीच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. पोटातली आग अजून होतीच, ती काही प्लास्टरनं विझत नाही.

"त्याला सवय झालीय," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला देतेस का ती?"

धाकटीनं शाल नीट घडी करून पेटीत ठेवली, तिच्यावर सदरा, त्यावर फ्रॉक, वर सासूची चोळी.

"वर्षापूर्वी मागितली असती ना ताई," ती म्हणाली, "तर मी न धुताच दिली असती. धुतलेलीचा वास यायला त्याला चार दिवस जास्त लागले असतील."