तीनला उचलते

"लाजू नका मावशी, खुशाल झोपून बघा. झोपायचे पैसे घेत नाही आम्ही," दुकानदार म्हणाला. गळ्यात मोजपट्टी अडकवलेला, पोट सुटलेला, हसरा माणूस होता.

मी चपला काढल्या आणि गादीच्या काठावर नुसतीच बसून राहिले. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सूनबाई. माझी कंबर दुखते म्हणून दोघांनी रजा काढून मला गादी घ्यायला आणलं होतं. कंबर दुखत होतीच. पण दोन महिन्यांपासून, उताणी पडले की डावा पाय बधिर व्हायचा. तो पुन्हा माझा व्हायला कधी पाच मिनिटं लागत, कधी पंधरा. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

एकतीस वर्षं मी रुग्णालयात आया होते. जे उठू शकत नाहीत त्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची, त्यांना बसवायचं, हे माझं काम. बसवताना मी सांगायची, "तीनला उचलते हं," आणि दोनलाच उचलायची. तीनची वाट बघताना माणूस भीतीनं लाकडासारखा ताठ होतो. दोनला तो बेसावध असतो, अंग सैल असतं. ही युक्ती मी घरी इतक्यांदा सांगितली होती की मुलगा हात जोडायचा.

पण एक गोष्ट मी घरी कधी सांगितली नव्हती. ज्यांचे पाय जायचे त्यांची घरची माणसं आधी भेटायच्या दोन्ही वेळा यायची, मग एक वेळ, मग फक्त रविवारी. अशांना हळूहळू भिंतीकडच्या अकरा नंबरच्या खाटेवर हलवत. त्या खाटेची चादर बदलताना आम्ही आयासुद्धा बोलत नसू.

"हा मेमरी फोम," दुकानदारानं गादीवर तळवा दाबला. "बघा, खड्डा पडला. आता हात काढला, की सावकाश भरतो. अंगाचा भार सगळीकडे वाटून घेतो."

मी त्या खड्ड्याकडे बघत राहिले. पेशंटच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला की असाच खड्डा पडायचा आणि असाच सावकाश भरायचा. तो बघून डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत. मी काठावरून जरा पुढे सरकले.

"आई, एवढी काय घाबरतेस? गादी आहे, ऑपरेशनचं टेबल नाही," मुलगा म्हणाला.

"घाबरतंय कोण?" म्हणत मी आडवी झाले. अंग हळूहळू खाली खाली जायला लागलं.

"ढगावर झोपल्यासारखं वाटतंय ना?"

"ढगावर मी कधी झोपले नाही रे बाबा. सूनबाई, इकडे ये. माझ्या कमरेखाली हात सरकव."

ही आमच्या वॉर्डातली परीक्षा. हात आरपार गेला तर गादी कडक, कंबर अधांतरी. बोटंही शिरली नाहीत तर गादी मऊ, माणूस रुतला. त्याला कूससुद्धा स्वतःची स्वतः बदलता येत नाही. हात शिरावा, पण घासून शिरावा.

सूनबाई बेकरीत कामाला आहे. मैद्याच्या गोण्या उचलून तिचे हात चांगले घट्ट झालेत. तिची बोटं तिथंच अडली.

"नापास," ती म्हणाली.

"मावशी, आमच्या गादीला तुम्ही शाळेत बसवलंत की!" दुकानदार हसला आणि आम्हाला दुसऱ्या गादीकडे घेऊन गेला. तिच्यात वर त्याच फोमचा मऊ थर होता आणि खाली आधाराला घट्ट. सूनबाईचा हात घासत शिरला. मी टाचा दाबून पाहिल्या, कुशीवर वळून पाहिलं, पुन्हा उताणी झाले. गादी बरोबर होती. इथंच मी चुकले. लगेच उठायचं सोडून, खातरी करायला पडून राहिले.

उठायला गेले तेव्हा डावा पाय नव्हता. म्हणजे दिसत होता, पण कोणी दुसऱ्याचाच आणून ठेवावा तसा.

"अजून जरा पडते," मी म्हणाले.

"बघा, मावशींना उठवेना!" दुकानदार खूश झाला.

मी पण हसले. पाठीला घाम फुटला होता. डोक्यावर पांढरा दिवा होता, अगदी अकरा नंबरवर होता तसा. मी त्याच्याकडेच बघत होते. एक नवरा-बायको त्याच गादीसाठी येऊन उभे राहिले. बाई घड्याळ बघायला लागली.

"आई, ऊठ आता. लोक थांबलेत," मुलगा म्हणाला.

"घालते चपला," म्हणत सूनबाई खाली बसली. उजवी घातली. डावी घातली, ती गळून पडली. पुन्हा घातली, पुन्हा पडली. तिनं माझ्या अंगठ्याला चिमटा घेतला असावा. तिनं वर बघितलं, तेव्हा मला ते कळलं.

"हीच घ्यायची," ती नवऱ्याला म्हणाली. "घरी कधी पोचवतात ते तुम्ही काउंटरवर विचारून या, मी आईंना आणते." त्या जोडप्यालाही ती म्हणाली, "दोन मिनिटं हं." मग माझ्याजवळ वाकली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई."

"दोन महिने," मी म्हणाले. "त्याला सांगू नकोस."

"इथं नाही सांगत. घरी सांगू, दोघी मिळून. उद्या डॉक्टर."

"आणि मग अकरा नंबर."

"कसला अकरा नंबर? आपल्या घरात खोल्याच दोन आहेत."

तिनं माझ्या बगलेतून हात घातला, एक गुडघा गादीला टेकवला. अगदी मी वॉर्डात करायची तसंच. हे मी तिला कधी करून दाखवलं नव्हतं. नुसतं जेवताना सांगितलं होतं.

"तीनला उचलते हं," ती कानाशी म्हणाली.

युक्ती माझीच होती. तरी मी डोळे मिटून तीनची वाट बघायला लागले.

"एक. दोन."

मी बसले होते.

"झालं का?" काउंटरवरून मुलानं विचारलं.

"चपलेचा बंद अडकलाय," सूनबाई म्हणाली. तिचा हात माझ्या पाठीमागे तसाच होता.

मी मागे वळून पाहिलं. गादीवर माझ्या अंगाचा खड्डा सावकाश भरत होता. तो पुरता भरेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.