कातडीत, कातडीखाली नव्हे

“खोल गेली सुई!” शालन सिस्टरांना राहवेना. टोचायचा सराव करणाऱ्या तरुण सलिलच्या हातातल्या संत्र्यातून पाणी ठिबकलं.

तीस वर्षं त्यांनी महापालिकेच्या दवाखान्यात तान्ह्या बाळांच्या दंडावर बीसीजी टोचली होती. निवृत्तीला चार महिने होतात न होतात तोच हडपसरच्या संशोधन केंद्रातून डॉक्टर मैत्रींचा फोन आला. तीच लस आता साठीपुढच्या माणसांना देऊन पाहायची होती, आणि इथल्या तरुण मंडळींना ती नेमकी कातडीत देता येईना.

“पण क्षयाची लस म्हाताऱ्यांना कशाला?” सिस्टरांनी विचारलं.

“शरीरात काही पेशी शत्रूचा चेहरा लक्षात ठेवतात,” टेबलापलीकडून मैत्री म्हणाल्या. “दुसऱ्या नुसत्या पहिल्या हाकेला धावतात. त्यांना काही आठवत नाही, असंच आम्ही शिकलो. पण बीसीजीनंतर त्याही तयार होतात. पुढं भलताच रोग आला, तरी जोरात धावतात.”

“म्हणजे चेहरा नाही, पण धावणं लक्षात राहतं.”

“अगदी!”

सिस्टरांनी सलिलच्या हातातलं संत्रं घेऊन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “बावीस वर्षांपूर्वी मी मीटिंगमध्ये उठून सांगितलं होतं, टोचलेली बाळं सर्दीतापातूनही लवकर उठतात. साहेब म्हणाले, ‘सिस्टर, तुम्ही सुई सांभाळा, शास्त्र आम्ही सांभाळतो.’ सगळे हसले. पुन्हा कधी बोलले नाही मी.”

मैत्रींनी पेन खाली ठेवलं. “खात्रीनं अजून मीही सांगू शकत नाही. त्यासाठीच हा खटाटोप. पण ताई, तुम्ही बघितलंत ते हसण्यासारखं नव्हतं.”

सिस्टर हसल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात चाचणीसाठी लस टोचून घ्यायला पहिले स्वयंसेवक आले. कर्वेनगरचे आप्पासाहेब, निवृत्त मास्तर. भोवती जमलेली मंडळी पाहून म्हणाले, “एवढी गर्दी? बारसं आहे का माझं?”

“बसा, आप्पासाहेब.” सिस्टरांनी दंडाची कातडी ताणली, सुई जवळजवळ आडवी धरली. मसुरीच्या डाळीएवढा पांढरा फुगा टम्म वर आला. सलिल वाकून बघतच राहिला.

“कधी टोचताय?”

“टोचून झालं.”

“हात आहे की काय! आणि याचा उपयोग होईल ना?”

“ते तीन वर्षांनी कळेल.”

“म्हणजे तीन वर्षं जगणं आलं!”

“आलंच. यादीत नाव आहे तुमचं.”

आप्पासाहेब गडगडून हसले आणि बाही वरच ठेवून बाहेर पडले. सिस्टर खुर्चीवरून उठल्या. सलिलला तिथं बसवून त्यांनी त्याच्या मनगटाखाली आपला हात धरला आणि दाराकडे पाहून हाक दिली, “पुढचे या.”