उरलेल्या गोळ्या

आईचा चेहरा गोल होत गेला तेव्हा मीच तिला चिडवायचे, की शिवायचं सोडून चोरून खातेस वाटतं. मग तिच्या पोटावर जांभळे ओरखडे उठले, हात नुसता टेबलाला लागला तरी काळानिळा व्हायला लागला आणि माझी थट्टा तिथेच थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीरात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन जास्त तयार होत असावं. रात्री झोपताना दोन गोळ्या घ्यायच्या, सकाळी रक्त द्यायचं. निरोगी शरीर या गोळ्यांनी गप्प बसतं, रक्तातला कॉर्टिसोलचा आकडा खाली येतो. नाही आला, तर गाठ शोधायची. मग कदाचित ऑपरेशन.

‘ऑपरेशन’ म्हटल्यावर आईच्या हातातली पिशवी गळून पडली. मामा असाच आपल्या पायांनी चालत ऑपरेशनला आत गेला होता आणि परत आला नव्हता.

औषधवाला पट्टी कापून देईना, म्हणून अख्खीच घेतली. मी दोन गोळ्या आईच्या तळहातावर ठेवल्या, उरलेली पट्टी कपाटात टाकली आणि झोपायला गेले.

आकडा खाली आला, अगदी तळाला. “गाठीची काळजी नको,” बाई म्हणाल्या. “आता वजनाकडे बघा.” आईने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आनंदाने.

घरी येऊन ती शिलाई मशीनवर बसली, स्वतःच्याच झग्याच्या बाजू पुन्हा उसवायला. तिला कात्री हवी म्हणून मी तिच्या बटणांच्या डब्यात हात घातला. तळाशी ती पट्टी होती. रिकामी.

“आई, बाकीच्या गोळ्या कुठे गेल्या?”

तिने मान वर केली नाही. “दोन गोळ्यांनी नसतं भागलं तर? म्हटलं, चांगलं दाबूनच टाकू. पक्कं शिवायचं तर मी कधी एकच टीप मारते का?”

“अगं, इतक्या गोळ्यांनी गाठ असली तरी आकडा खाली येणारच. मग त्याला काय अर्थ राहिला?”

“बाई म्हणाल्या ना, गाठ नाही. झालं तर मग.”

बाईंना सांगायला मी फोन उचलला. ती तो हिसकावायला धावली, म्हणून मी तिचं मनगट धरलं. जोरात नाही, लहान मुलाला रस्त्यावर धरतात तेवढंच.

“नको गं,” ती म्हणाली. “मला भीती वाटते.”

“मलाही वाटते.”

मी हात सोडला. तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती आणि आमच्या डोळ्यांदेखत निळी पडत होती. आम्ही दोघी बघत राहिलो. तिने बाही खाली ओढायचा प्रयत्न केला, पण फुगलेल्या दंडात ती अडकली.

मग तिनेच फोन माझ्याकडे सरकवला.

“लाव,” ती म्हणाली. “पण सांग तूच. माझ्याच्याने नाही व्हायचं.”