गुरुवारची झाकणं

कारखानदाराच्या जिवाला घोर लागला होता तो बाटल्यांच्या झाकणांचा. झाकणं गळत होती. त्याची झाकणं घेणाऱ्या सॉसवाल्याने निक्षून सांगितलं होतं, "पुढच्या खेपेत थेंब दिसला तर मी दुसरा कारखाना बघतो." सॉसवाला गेला तर कारखान्याला टाळं लावायचंच उरत होतं. म्हणून कारखानदाराने विद्यापीठाशी संशोधनाचा करार केला.

दर गुरुवारी प्राध्यापक आपली संशोधक मंडळी घेऊन यायचे. मशीनमधून पडलेली ताजी झाकणं बाटल्यांना लावायचे, बाटल्या उलट्या टांगायचे, दाबायचे, फोटो काढायचे. एकही गळायची नाही.

"तुमची झाकणं उत्तम आहेत," प्राध्यापक म्हणाले, जरा नाराजीनेच.

"सर, शुक्रवारी गळतात."

"शुक्रवार हा घटक आमच्या अभ्यासात नाही."

कारखानदाराने कपाळावर हात मारून घेतला, पण मनातल्या मनात. समोर पाहुणे होते.

संध्याकाळी त्याने पॅकिंग सांभाळणाऱ्या थोरल्या बहिणीपुढे गाऱ्हाणं मांडलं.

"गुरुवारी मशीन कसं चालतं रे?" तिने विचारलं.

"हळू. मीच सांगून ठेवलंय, ताई. सर बोलत असतात, मशीनच्या धडधडीत ऐकू कसं येणार?"

"आणि बाकीचे दिवस?"

"भरधाव. माल वेळेत द्यायचा असतो ना."

"हळू चाललं की झाकण साच्यातच थंड होतं. घाईत काढलं की वाकतं. एवढी शिकलेली माणसं बोलावलीस आणि त्यांना मशीन झोपवून दाखवलंस. धन्य आहेस बाबा."

पुढची खेप हळूहळू, सगळ्यांचा अंत पाहत निघाली. सॉसवाल्याचा फोन आलाच नाही; त्याच्याकडून ही शाबासकीच. कारखानदाराने उड्या मारतच प्राध्यापकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तुम्हाला कळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही," प्राध्यापक म्हणाले. "तुलनेला गळकी झाकणं लागतील. आमच्याकडे अजून एकही नाही."

"पण सर, आता गळत नाहीत."

"तेच तर. आणि करार अजून वर्षभर आहे."

गुरुवारी फाटकाशी मोटार थांबली. कारखानदाराने सुस्कारा सोडून ऑपरेटरला हाक मारली, "पाहुणे आले. वेग वाढव."

धडधड सुरू झाली. प्राध्यापक कारखानदाराचा हात हातात घेऊन काहीतरी बोलत होते. बहुधा आभार मानत असावेत. ऐकू काहीच आलं नाही.