उजवा पाय

"काय हो बर्फवाले, वितळलात की काय?"

पुलाच्या चढावर त्याच्या बरोबरीला येताच सिस्टरने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पेडलवर उभं राहून दोन जोरकस रेटे दिले. साखळी कुरकुरली. सायकल अर्धं चाक, मग एक चाक पुढे सरकली.

"जा जा, पुढे जा," मागून धापा टाकत आवाज आला. "म्हाताऱ्याला हरवण्यात कसली आलीय मर्दुमकी!"

"मागच्या वर्षी मला हरवायचात तेव्हा नव्हतात वाटतं म्हातारे?"

तो हसला. सिस्टरही हसत हसत चढ संपवून उताराला लागली आणि थेट सिग्नलला येऊन एक पाय टेकून उभी राहिली. शर्यत इथंच संपायची. बर्फवाला बऱ्याच वेळाने आला, तिच्या शेजारी थांबला, आणि त्याच्यामागोमाग एक घाण भपकाराही आला. गोडसर, कुजका. सिस्टरने ओढणीचं टोक नाकाला लावलं.

"शी! या नाल्याचं कुणीतरी काहीतरी करायला हवं. दिवसेंदिवस सडत चाललाय."

"हो ना," बर्फवाला म्हणाला, आणि त्याने आपली सायकल हळूच हातभर लांब घेतली.

हिरवा दिवा लागला. ती उजवीकडे इस्पितळाच्या रस्त्याला वळली, तो सरळ बर्फाच्या कारखान्याकडे गेला.

सर्जरी वॉर्डात ड्रेसिंग करता करता सिस्टरचं आयुष्य निघून गेलं होतं. भाजलेले, कापलेले, पाठीला जखमा होऊन महिनोन्‌महिने पडून असलेले, असे किती जीव तिच्या हाताखालून गेले याची गणती नव्हती. नव्या आलेल्या पोरी पू बघून पांढऱ्याफटक पडायच्या, कोपऱ्यातल्या बेसिनकडे धावायच्या. ही मात्र एका हाताने जखम पुसताना दुसऱ्या हाताने रोग्याच्या पांघरुणावरचा चुरा झटकायची. वॉर्डाच्या दारात उभं राहून नुसत्या वासावरून ती सांगायची, "खिडकीजवळच्या काकांचं ड्रेसिंग आज बदलायला झालंय." तिला किळस येत नाही, हा तिचा लौकिक होता.

किळस यायची ती तिच्या नवऱ्याला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरगी लग्न होऊन सासरी गेली, तरी सिस्टर घरी आली की पुढच्या दाराने आत यायची सोय नव्हती. मागच्या दाराने यायचं, तिथंच न्हाणीघरात शिरायचं, कपडे वेगळ्या बादलीत टाकायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं, मग माणसांत यायचं. "तसं काही नाही गं," नवरा म्हणायचा, "पण मला तो वास सहन होत नाही." तसं काही नाही म्हणत म्हणत तो झोपायलाही बाहेरच्या खोलीत गेला होता. तिच्या हातचं जेवायचा, पण वाढताना तिची बोटं ताटाच्या कडेला लागली तर तेवढी कड सोडून जेवायचा. सिस्टरने ते कधी बोलून दाखवलं नाही. पण बघायची रोज.

उरली ती सायकल. घर ते इस्पितळ एवढ्या वाटेत तिचा वास वाऱ्यावर मागे राहायचा, आणि ती कुणाचीच नसायची.

त्या वाटेवर हा भेटला होता. भेटला म्हणजे काय, एका सकाळी चढावर "बाजू, बाई, बाजू" असं ओरडत तिला मागे टाकून गेला होता. सिस्टरला ते असं झोंबलं की दुसऱ्या दिवशी ती औषधाच्या दुकानापाशी त्याच्यासाठी दबा धरून बसली आणि तो दिसताच सुटली. हरली. तिसऱ्या दिवशीही हरली. मग एकदा जिंकली, आणि बर्फवाल्याने सिग्नलला आपली टोपी काढून तिला असा काही मुजरा केला की शेजारचा ट्रकवाला खो खो हसला. तेव्हापासून रोजचं ठरून गेलं. औषधाचं दुकान ते सिग्नल. दोघांनी एकमेकांची नावं विचारली नाहीत. तो कारखान्यात यंत्रावर होता, दिवसभर रबरी बूट घालून गार पाण्यात उभा असायचा, बायको वारली होती, मुलगा-सून होते, एवढं सिग्नलच्या लाल दिव्यात तुकड्या-तुकड्यांनी कळलं होतं.

"तुमच्या कपड्यांना अमोनियाचा वास येतो हो," एकदा ती म्हणाली होती.

"आणि तुम्हाला डेटॉलचा. आपण दोघं मिळून मच्छर मारू शकतो," तो म्हणाला होता. तो लांब सरकला नव्हता. ही गोष्ट सिस्टरने मनात जपून ठेवली होती.

गेले काही महिने ती रोज जिंकत होती. पहिल्यांदा गंमत वाटली, मग चटक लागली. घरी आंघोळ करून आल्यावर ती नवऱ्याला सांगायची, "आज चढावरच गाठला त्याला. पार दमला बिचारा." वॉर्डात सांगायची. कुणी "या वयात?" म्हटलं की तिला आणखी चेव यायचा. पोटऱ्यांत बळ आलंय, असं तिला खरंच वाटायला लागलं होतं.

मग एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सिस्टर औषधाच्या दुकानापाशी घुटमळली, मग एकटीच चढ चढली. रुसला, तिने ठरवलं. बाईकडून हरायची लाज वाटली असणार. शेवटी पुरुषच. तिला त्याचा रागच आला. असली कसली मर्दानगी, जिंकेपर्यंत मैत्री आणि हरलं की तोंड लपवायचं! आठवडाभर ती मनातल्या मनात त्याला फैलावर घेत राहिली.

आणि त्यानंतरच्या सोमवारी वॉर्डाच्या दाराशी स्ट्रेचर आलं.

वास स्ट्रेचरच्या आधी आत आला. सिस्टर कपाटातून कापूस काढत होती. तिचा हात थांबला. गोडसर, कुजका. हा नाल्याचा वास इथं कसा, असं तिच्या मनात आलं, आणि ते पुरतं मनात येण्याआधीच तिला कळलं की पुलाखालच्या नाल्याचा तो वास कधीच नव्हता.

स्ट्रेचरवर बर्फवाला होता. दाढी वाढलेली, डोळे तापाने लाल. उजव्या पायाला घोट्यापर्यंत किराणा सामानाची प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली आणि वरून सुतळीने आवळून बांधलेली. शेजारी त्याचा मुलगा रुमाल नाकावर दाबून उभा होता.

"पिशवी कुणी बांधली?" सिस्टरने विचारलं.

"मीच," मुलगा रुमालातून म्हणाला. "घरात वास भरून राहायचा हो. बायकोला उलट्या व्हायला लागल्या. यांना मागच्या पडवीत झोपवलं तरी येतच होता. काय करणार माणूस?"

"आणि दवाखान्यात न्यावंसं नाही वाटलं?"

"ते दाखवतील तर ना! बूट काढायचेच नाहीत. विचारलं की म्हणायचे, खिळा लागलाय, होईल बरा. साखरेच्या गोळ्यासुद्धा मनाला येईल तेव्हा घ्यायचे."

सिस्टरने सुतळी कापली. पिशवी पायाला चिकटली होती, ती सोलून काढावी लागली. आतून काळपट पाणी सांडलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळंठिक्कर पडून सुकलेल्या शेंगेसारखं झालं होतं. तळव्याला मोठं भोक होतं, आणि त्या भोकात काहीतरी वळवळत होतं.

अळ्या तिने शेकड्यांनी काढल्या होत्या. चिमट्याने, हसत, गप्पा मारत. पण हा पाय तिने रोज पेडलवर खालीवर होताना पाहिला होता. या पायाला तिने रोज हरवलं होतं. ओठ वाकडे झाले, नाक आक्रसलं, आणि हे होत असताना तिने वर पाहिलं तर बर्फवाला थेट तिच्या तोंडाकडे बघत होता.

ती बेसिनकडे धावली. नव्या पोरींसारखी. नळ मोठा सोडून तिने सकाळचा चहा ओकून टाकला. मागे कुणीतरी पुटपुटलं, "अगंबाई, आपल्या सिस्टर!"

तोंड धुऊन ती परत आली तेव्हा मुलगा बाहेर निघून गेला होता. तिने स्टूल ओढलं, चिमटा घेतला आणि कामाला लागली.

"दुखतंय?"

"नाही. तीच तर भानगड आहे. काहीच लागत नाही. खिळा आत गेला तेव्हाही कळलं नाही."

"कधीपासून आहे हे?"

तो छताकडे बघत राहिला.

"बर्फवाले, मी काय विचारतेय?"

"तुम्ही जिंकायला लागलात ना," तो म्हणाला, "त्याच्या थोडं आधीपासून."

सिस्टरने चिमटा ट्रेमध्ये आपटला. "मग सांगितलं का नाहीत? रोज सिग्नलला उभे असायचो ना शेजारी? मी कोण आहे, काय काम करते, माहीत नव्हतं तुम्हाला? एकदा बूट काढून पाय दाखवला असतात तर बोटावर निभावलं असतं! माझ्यासमोर सडत होतात आणि मी मूर्खासारखी नाल्याला शिव्या देत होते!"

"ओरडू नका. लोक बघतायत."

"बघू देत! मला फसवलंत तुम्ही. गावभर सांगत फिरले, मी जिंकले, मी जिंकले. कुणाशी जिंकले? या अशा पायाशी?" तिला पुन्हा मळमळलं. या वेळी पायाची किळस नव्हती. त्या सगळ्या सकाळी, तो उतारावरचा वारा, ते नवऱ्याला ऐन जेवणाच्या वेळी सांगणं, सगळं कुजलेलं तोंडात आल्यासारखं झालं.

बर्फवाला हळू आवाजात म्हणाला, "घरी ताट वेगळं झालं होतं, सिस्टर. कारखान्यात लोक डबा घेऊन दुसरीकडे बसायला लागले. तुम्ही एकट्याच होतात, मला हरवायला झटत होतात. दाखवला असता पाय, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सायकल हळू चालवली असती."

सिस्टरने ट्रेमधला चिमटा पुन्हा उचलला. खरंच होतं ते.

डॉक्टरांनी संध्याकाळी येऊन गुडघ्याखाली पाय कापायची रेघ मारली. मुलाने सही केली आणि जाता जाता सिस्टरला म्हणाला, "त्यांना एवढ्यात सांगू नका, पण सायकल मी भंगारात देऊन टाकली. तशीही कामाची नव्हतीच. पेडलला पण वास येत होता."

"धुवायची होती," सिस्टर म्हणाली.

"कोण धुणार?" त्याने नाक मुरडलं.

त्या चेहऱ्याची तिला इतकी शिसारी आली की तिने मान फिरवली. मग तिच्या लक्षात आलं की बेसिनकडे पळताना तिचा स्वतःचा चेहरा याहून काही वेगळा दिसत नसणार.

त्या रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगायला सुरुवात केली, "तो बर्फवाला होता ना माझा, त्याचा पाय..."

"शी! जेवताना कसलं गं हे?" नवऱ्याने ताट दूर सारलं. "तुला काही वाटत नाही, पण आम्हाला वाटतं."

"मला वाटलं आज," ती म्हणाली. "ओकले मी."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. ती उठली, आपलं ताट उचलून घासायला घेतलं, आणि त्याचं तिथंच राहू दिलं.

पाय कापला. ताप उतरला. चौथ्या दिवशी ड्रेसिंग पहिल्यांदा उघडायचं होतं. सिस्टरने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मुलगा दाराबाहेर मोबाइल बघत उभा होता. तिने त्याला हाक मारली.

"हात धुऊन आत या."

"मी? मी कशाला? मला नाही हो जमणार."

"घरी नेल्यावर रोज करायचंय हे. मी येणार नाही तिथं. या."

मुलगा ओल्या हातांनी पलंगाशी आला. सिस्टरने त्याच्या दोन्ही तळव्यांवर बापाची मांडी ठेवली. "असं वर धरा. हलवू नका."

बर्फवाल्याने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सिस्टरकडे.

"थांबा," तो म्हणाला. "मी डोळे मिटून घेतो. मग उघडा."

"का? बघवत नाही?"

"माझं काही नाही. तुम्हाला काय तोंडं करायची ती करता येतील. मी बघत बसलो की माणसाला अवघडतं."

आणि त्याने डोळे मिटले. हात पोटावर ठेवले, सिग्नलला थांबल्यासारखा स्वस्थ झाला.

सिस्टरने पट्टी उलगडायला घेतली. शेवटचा थर रक्ताने घट्ट धरला होता, तो पाणी टाकून टाकून सोडवावा लागला. टाके लाल होते, एका कडेला थोडा पू होता, वास होताच. तिने पुसलं, औषध लावलं. मुलाने मांडी खाली सोडली नाही. त्याचं तोंड भिंतीकडे होतं, गालाचा स्नायू ताणला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. किळसेचं की कशाचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिने नवी पट्टी गुंडाळली, टोक खोचलं, मांडी त्याच्या हातांतून काढून उशीवर ठेवली.

"झालं?" बर्फवाल्याने विचारलं. "उघडू डोळे?"

सिस्टरने मुलाकडे पाहिलं. तो अजून भिंतीकडे वळलेला होता आणि बाहीने तोंड पुसत होता.

"जरा थांबा," ती म्हणाली.

तो थांबला.