तिसऱ्या प्रकरणाचा प्रभाव

"हा सगळ्यात मोठा ठिपका म्हणजे तुम्ही," मोजणीदार पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला, "आणि या रेषा म्हणजे तुमचा आधार घेणारी माणसं. अभिनंदन, मॅडम. इतिहास विभाग वाचला."

मोजणीदार हे काही त्याचे पद नव्हे. पद चांगले लांबलचक आणि भारदस्त होते. पण कोणाच्या लेखनाचा हवाला कोणी किती वेळा दिला, कोण कोणाबरोबर मिळून लिहितो, याची गणती करून विद्वत्तेचे वजन सांगणे हे त्याचे काम असल्यामुळे सारे विद्यापीठ त्याला तेच म्हणे, आणि त्यालाही त्यात काही वावगे वाटत नसे. ज्या विभागाचे वजन कमी भरेल त्याला कुलूप लावायचे, असे वरून ठरले होते. ग्रंथ वाचून निर्णय घ्यायचा तर वाचावे लागते. आकड्यांचे तसे नसते.

इतिहासाच्या प्राध्यापिकेने चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिले.

"या रेषा कुठल्या पुस्तकाकडे जातात?"

"पुराच्या. बहुतेक सगळ्या तिसऱ्या प्रकरणाकडे. लोक अक्षरशः तुटून पडलेत त्याच्यावर."

पुस्तक जुन्या महापुराविषयी होते. नदीकाठची माणसे स्वतःच्या हट्टापायी बुडाली, असे त्या पुराविषयीचे प्रतिष्ठित मत होते. ते तिने तिसऱ्या प्रकरणात मांडले होते, आणि इतके चोख, की ते मत बाळगणाऱ्यांनाही तसे जमले नसते. जो पक्ष खोडायचा तो आधी त्याच्या वकिलापेक्षा चांगला मांडायचा, ही तिच्या गुरूंची शिस्त. चौथ्या प्रकरणात तिने त्या मताच्या चिंध्या केल्या होत्या: वरच्या पेठा वाचवण्यासाठी धरणाचे दरवाजे कोणालाही न सांगता उघडले गेले, आणि काठ झोपेतच वाहून गेला. तिच्या आधारावर उभ्या असलेल्या विद्वानांपैकी एकानेही चौथ्या प्रकरणापर्यंत जाण्याची तसदी घेतलेली दिसत नव्हती. पहिल्याने अर्धे वाचले असावे. बाकीच्यांनी पहिल्याला वाचले.

"आणि ही जाड रेषा?"

"ती तर मानाची!" मोजणीदार खुलला. "पाटबंधारे खात्याचा अहवाल. काठावरची आत्ताची वस्ती भरपाई न देता उठवायचीय त्यांना. हट्टानं राहतात म्हणे, आणि हे पूर्वीपासूनचं आहे, असं तुमच्या नावानं लिहिलंय. धोरणावर प्रभाव म्हणतात याला. त्याचे गुण वेगळे."

व्हरांड्यात धाकटी उभी होती. विभागात प्राध्यापिकेखेरीज शिकवणारी ती एकटीच, तीही करारावर, म्हणून धाकटी.

"अगं, ते माझं मत नाहीच," प्राध्यापिका कुजबुजली. "मी खोडलेलं मत आहे ते."

"माहितेय मला. मी वाचलंय." धाकटीने इकडेतिकडे पाहिले. "पण आत्ता निर्णयाच्या बैठकीत कोण विचारणार आहे, मॅडम? वाचलेला माणूस शोधायचा तर तिथं दिवसा कंदील घेऊन फिरावं लागेल."

"आणि मीच सांगितलं तर?"

धाकटीचे हसू विरले. "नका ना सांगू. फक्त गप्प बसायचंय. सासूबाईंचं दुखणं, पोरीची शाळा... जाऊ दे, मी काही बोलत नाही. पण या फंदात मला तुम्हीच आणलंत."

प्राध्यापिकेला भीतीची सवय होती. प्रत्येक तळटीप तिने भीतभीतच लिहिली होती. कुठे चुकलो तर नाही ना, या धास्तीने तिची छापलेली पुस्तके तिला वर्षानुवर्षे उघडवत नसत. आज चूक तिची नव्हती, तरी धास्ती तीच होती. जिन्याच्या कठड्याला धरून ती धाकटीबरोबर बैठकीच्या खोलीत पोचली, तेव्हा मोजणीदाराने तिथल्या पडद्यावर तोच ठिपका लावला होता.

"वा, मॅडम!" अधिष्ठाते म्हणाले. "तुमच्या ठिपक्यानं पडदाच व्यापलाय. आम्हाला वाटायचं, तुम्ही नुसत्या जुन्या कागदांना कुरवाळत बसता." मंडळी मनमुराद हसली. "तेव्हा विभाग राहतो. पुढचा विषय—"

"थांबा," ती म्हणाली. कोणालाही ऐकू गेले नाही. तिने पुन्हा म्हटले, आणि मग अडखळत सगळे सांगितले.

अधिष्ठात्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे लोकांनी तुमचं नाव घेतलंय की नाही?"

"घेतलंय."

"मग झालं तर! कशासाठी घेतलं, हे यंत्राला थोडंच कळतं?"

"यंत्राला नाही कळत. पण त्या वस्तीवर बुलडोझर जाईल तो माझ्या नावानं." ती पडद्याकडे वळली. "या रेषा काढा. खात्यालाही मी आजच कळवणार आहे."

"विचार करा, मॅडम. रेषा गेल्या की विभाग गेला."

तिने धाकटीकडे पाहिले. धाकटी खाली मान घालून नखाने टेबलाचा रंग खरवडत होती. प्राध्यापिकेने टेबलाची कड घट्ट धरली.

"काढा," ती म्हणाली.

मोजणीदाराने रेषा पुसायला घेतल्या. ठिपका आक्रसत गेला. कोणी खाकरले, कोणी घड्याळ पाहिले.

"एक उरली," तो जरा वेळाने म्हणाला. "चौथ्या प्रकरणाची आहे. कोणी शाळामास्तर आहेत, कुठल्याशा लहान मासिकात लिहिलंय. हीपण काढतो. एकटी रेषा धरत नाहीत."

"काय लिहिलंय त्यांनी?"

हा प्रश्न त्या खोलीत आजवर कोणी विचारला नव्हता. मोजणीदार गडबडला. "ते... ते नाही पाहिलेलं. उघडू का?"

पडद्यावर बारीक टाइपातला एक लेख उघडला. अधिष्ठात्यांनी बैठक संपल्याचे जाहीर केले. खुर्च्या सरकल्या, मंडळी बाहेर पडली. धाकटीनेही पर्स उचलली. प्राध्यापिकेकडे न पाहता ती दारापर्यंत गेली, थबकली, आणि अक्षरे नीट दिसावीत म्हणून तिने पडद्याच्या वर लागलेला दिवा मालवला. मग दार हलकेच लोटून ती निघून गेली.

प्राध्यापिकेने खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.